सासऱ्यांची पद्धत की रायडिंगच्या सरांची? घोडीच्या रोजच्या निगेबद्दल जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून ५ वर्षांची काठेवाडी घोडी आणली, फलटणजवळ शेतावर आहे, एकटीच आहे. सासऱ्यांनी, म्हणजे तुमच्या आबांनी, तरुणपणी टांगा चालवलेला, म्हणून निगा सगळी त्यांच्या पद्धतीची. आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर, लावून बांधायची, सकाळ-संध्याकाळ भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वर गूळ, दोन वेळा कडबा, दोन वेळा पाणी, दर दोन महिन्यांनी जंताचं औषध. मग मुलीच्या रायडिंगचे सर येऊन बघून गेले आणि म्हणाले हे सगळंच चुकीचं आहे, हरभरा बंद करा, नाल काढा, पोत्यातलं तयार फीड सुरू करा, थंडीत ब्लँकेट घाला. आणि या सगळ्यात घोडी रात्री गव्हाणीचं लाकूड कुरतडायला लागली, कधी दात टेकवून हवा ओढते, आबा म्हणतात खोड लागली, गळ्याला पट्टा आवळा.

पट्टा बांधू नका. एवढं आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

माझे वडील मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते, मी तबेल्यातच मोठा झालो, गेली २८ वर्षं हेच काम करतोय आणि सध्या पुण्याजवळ १४ घोडी सांभाळतो. म्हणजे आबा जे करतात ते सगळं मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं सोडलंयही. सोडलं ते काही कोणी परदेशी माणसाने सांगितलं म्हणून नाही, का सोडलं ते खाली येईलच.

मला विचाराल तर खरा प्रश्न जुनं की नवं हा नाहीच. आबांचा टांग्याचा घोडा दिवसाला सात-आठ तास रस्त्यावर असायचा. स्टँडवर उभा राहिला की तोंडाला तोबरा, दाण्याची पिशवी, म्हणजे थोडंथोडं दिवसभर पोटात जात होतं. शेजारी दुसरे टांगे, दुसरी घोडी, सतत काहीतरी चालू. रात्री दमून आला की आगाडी-पिछाडी लावली, चंदी दिली, झालं. त्या घोड्याच्या कामाला ती चंदी लागतच होती आणि बांधलेला काळही कमी होता. आता तुमच्या घोडीचं बघा, शनिवार-रविवार मुलगी अर्धा-पाऊण तास बसते, बाकी सगळा वेळ ती त्या दोरांमध्ये उभी. दोर तेच, चंदी तीच, वेळापत्रक तेच, पण त्या वेळापत्रकाच्या मधला जो घोड्याचा दिवस होता तो गायब झालाय. आबा चुकलेले नाहीत, त्यांची पद्धत कामाच्या घोड्याची आहे आणि तुमची घोडी कामाला नाही. त्यामुळे इथून पुढे कोणी काहीही सल्ला दिला, अगदी मी दिला तरी, एकच विचारायचं, की उरलेले २३ तास घोडी काय करतेय?

आता लाकूड कुरतडण्याकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटतेय.

घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानाने फार लहान असतं, मोठ्या घोड्याचं सुद्धा ८ ते १५ लिटर. आणि त्यात आम्ल चोवीस तास सुटत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. आपलं तसं नाही. ते आम्ल मारायला लाळ लागते आणि घोड्याची लाळ फक्त चावताना सुटते. मोकळा घोडा दिवसाचे १५-१६ तास चरतो, त्याची बनावटच त्या हिशोबाची आहे. म्हणून संध्याकाळी सहाला कडबा टाकला, आठ-साडेआठला संपला, मग पहाटे सहापर्यंत काही नाही, तर ते नऊ-दहा तास आम्ल रिकाम्या जठरात हिंदकळत असतं आणि जठराच्या वरच्या भागाला आतून संरक्षण जवळजवळ नसतंच. तिथे व्रण होतात. रेसच्या घोड्यांच्या जठरात दुर्बीण घालून तपासण्या झाल्यात, कामात असलेल्या बहुतेक घोड्यांमध्ये व्रण सापडतात. लाकूड चावणं, हवा ओढणं याला आपण इतकी वर्षं खोड म्हणत आलो, पण बऱ्याचदा ती घोड्याची चावण्याची भूक असते, दुसरं काही मिळत नाही म्हणून लाकूड.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बादल नावाचा एक घोडा होता आमच्याकडे, अबलख, मुलांचा फार लाडका. एका रात्री अकराला पोट धरलं, पाय झाडतोय, कुशीकडे बघतोय, बसतोय उठतोय, डॉक्टर ४० किलोमीटरवरून येईपर्यंत दोन वाजले आणि पहाटे चारला तो गेला. घोड्याला उलटी होत नाही हे लक्षात ठेवा, आत गेलेलं बिघडलं तर बाहेर पडायचा तो रस्ताच नाही. पोस्टमॉर्टेमला जठरात जुने व्रण दिसले, किती दिवसांचे कोणास ठाऊक. तो व्रणांनीच गेला असं मी म्हणत नाही, पण मी त्याला रोज दहा-अकरा तास उपाशी उभा ठेवत होतो आणि मला पत्ताच नव्हता, कारण रात्री मी घरी झोपलेलो असायचो. त्यानंतर आठ रात्री तबेल्यात बाज टाकून झोपलो, वही घेऊन. कोणाची वैरण किती वाजता संपते, कोण कधी बसतं, कोण लाकूड चाटतं. नऊच्या आत सगळ्यांची गव्हाण साफ. पहाटे तीनला १४ पैकी पाच घोडी काही ना काही चाटत किंवा कुरतडत होती, एक तर स्वतःची लीद खात होती. दिवसा ही सगळी घोडी एकदम व्यवस्थित दिसायची हो.

म्हणून तुम्हाला पहिलं काम हे, की एक रात्र तिच्याजवळ थांबा, किंवा जुना मोबाईल चार्जिंगला लावून रेकॉर्डिंग ठेवा. वैरण किती वाजता संपते ते बघा. मग ती पाच-सहा तासांपेक्षा जास्त वेळ संपलेली राहू नये एवढं बघायचं. जास्त वैरण टाकणं हा एक उपाय, पण नुसता ढीग टाकला तर ती भरभर खाते आणि फुगते. आम्ही बारीक भोकांची जाळी वापरतो, त्यातून काडी-काडी ओढावी लागते, दोन तासांत संपणारी वैरण पाच तास पुरते. जाळी घोड्याच्या छातीच्या उंचीला बांधा, खाली लोंबकळू देऊ नका, नाल जाळीत अडकला तर पाय मोडेल. आणि रात्री झोपण्याआधी दहाला एक शेवटची पेंढी. हे काम सुनेने नाही, आबांनीच करावं असं मला वाटतं, ते कारण शेवटी सांगतो.

किती द्यायचं? अंदाजाने नका देऊ, मोजा. टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, झालं वजन किलोमध्ये. समजा घेर १६० आणि लांबी १५०, तर साधारण ३२३ किलो. वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे अशा घोडीला दिवसाला साधारण पाच ते साडेसहा किलो कोरडी वैरण. स्प्रिंगकाटा आणा आणि एक आठवडा प्रत्येक पेंढी टांगून बघा, आपला हाताचा अंदाज किती चुकतो ते कळेल.

कोणती वैरण हे तुमच्या भागात काय मिळतं त्यावर आहे. दिवाळीनंतर कापलेलं डोंगरी गवत मिळालं तर सोनं समजा. वाळलेला कडबा चालतो, पण फार बारीक कुट्टी करू नका, बोटभर लांबीची ठेवा, पिठासारखी कुट्टी घशात अडकते, आतड्यात गोळा होतो. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, तिच्यातलं विष आपल्याकडे गुरांना लागतं हे सगळ्यांना माहीत आहे, घोड्याला त्याशिवाय मूत्राशयाचा आणि मागचे पाय लटपटण्याचा त्रास होतो. उसाचं वाढं आणि हत्तीघास तुमच्याकडे भरपूर असणार, पण त्यात जे ऑक्झलेट असतं ते घोड्याचं कॅल्शियम धरून ठेवतं, कायम त्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडं मऊ होतात, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागतो. कधीतरी थोडं ठीक, मुख्य वैरण म्हणून नाही. गव्हाचा कोंडा रोज दिला तरी तेच होतं, त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. थोडा लसूणघास असला तर चांगला, त्यात कॅल्शियम असतं. आणि एक फार महत्त्वाचं, शेजारी गाई आहेत तर त्यांचं पोत्यातलं पशुखाद्य घोडीच्या तोंडाला लागू देऊ नका. काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाईला त्याचा फायदा होतो पण घोड्याला अगदी थोडं सुद्धा जीवघेणं आहे, थेट हृदयावर जातं. पोती कुलपात ठेवा.

चंदीबद्दल सर म्हणतात हरभरा बंद. मी बंद म्हणणार नाही, कमी म्हणेन. आठवड्यात दोनदा बसता म्हटल्यावर तिला चंदीची गरज फारशी नाहीच, वैरण चांगली असेल तर नाहीच नाही. पण द्यायचीच असेल तर एका वेळी अर्धा-पाऊण किलोच्या वर नको, कारण जास्तीचा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, पुढे जाऊन आंबतो आणि मग पोटशूळ नाहीतर खुरांच्या आत सूज. फलटणच्या उन्हाळ्यात भिजवलेला हरभरा चार तासांत आंबट वास मारायला लागतो, तेव्हा पाणी बदला, वास घ्या, शंका आली तर फेकून द्या. गूळ कशाला हवा रोज? त्याऐवजी २५-३० ग्रॅम साधं मीठ, कोपऱ्यात सैंधवाचा खडा. आणि चंदी नेहमी वैरणीनंतर, आधी नाही. काहीही बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, सरांचं तयार फीड आणलंत तरी असंच.

आता आगाडी-पिछाडी. ही पद्धत आली लष्कराच्या तळावरून. दसऱ्यानंतर स्वारी निघायची, शेकडो घोडी उघड्यावर ओळीने उभी, त्यात नर, एकमेकांना लाथा मारून मरतील म्हणून पुढून दोन दोर, मागून दोन. तिथे तेच बरोबर होतं. पण घोड्याला गाढ झोप उभ्याने लागत नाही. उभ्याने तो डुलकी काढतो, पायांच्या सांध्यात तशी सोय आहे, पण खरी झोप, जिच्यात माणसाला स्वप्नं पडतात ती, त्याला पूर्ण आडवं पडूनच लागते, दिवसाला निदान अर्धा तास तरी. आवळून बांधलेला घोडा आडवा पडू शकत नाही. असे आठवडेच्या आठवडे गेले की उभ्या उभ्या पुढचे पाय गपकन मुडपतात, आणि आपण म्हणतो पाय कमजोर आहेत.

माझ्या वडिलांना पांढऱ्या घोड्याच्या कुशीवर पिवळा डाग दिसला की मालक ओरडायचे, लिदीत बसू दिलंस म्हणून. आता मी सकाळी तबेल्यात शिरलो की आधी तेच डाग शोधतो. कुशीला, गालाला पेंढा किंवा लीद चिकटलेली असली की समजायचं घोडा रात्री नीट आडवा झोपला. धुवायला दोन मिनिटं लागतात.

तेव्हा दोर सोडा. १२ बाय १२ फुटांची मोकळी खोली असेल तर उत्तम, नसेल तर शेडपुढे जमेल तेवढी जागा कुंपण घालून मोकळी ठेवा, चार-पाच गुंठे असली तरी खूप झाली. कुंपण काटेरी तारेचं नको, घोडं पळून अडकतं आणि कातडी सोलून निघते, बांबू, लाकडी बल्ल्या, पाईप काहीही चालेल. खाली बसायला कोरडा पेंढा जाड अंथरा आणि ओला भाग रोज काढा. खाली वाकून तिच्या नाकाच्या उंचीला श्वास घ्या, डोळ्यांना झोंबलं तर तो अमोनिया आहे आणि ती रात्रभर तेच ओढतेय. प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळदोराने फार वेळ बांधणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच क्रूरतेत धरलंय, म्हणजे यात नवीन असं फारसं काही नाही.

पाणी दिवसभर समोर पाहिजे. दोन वेळा पाणी ही विहिरीवर न्यायच्या काळातली सोय होती. ३०० किलोची घोडी साध्या दिवसात १५-२० लिटर पिते, एप्रिल-मे मध्ये त्याच्या दुप्पट. घामेजल्यावर पाणी पाजू नये, अंगावर गार पाणी घालू नये हे आबा सांगतीलच, मलाही तेच शिकवलं होतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी तिथल्या उकाड्यासाठी यावर खूप अभ्यास झाला आणि उलटंच निघालं, तापलेल्या घोड्यावर भरपूर गार पाणी सतत ओतणं हाच सगळ्यात लवकर उतारा. मी मे महिन्यात रोज करतो, आजवर कोणाचे स्नायू धरले नाहीत.

एकटी आहे ही गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण ती लहान नाही. स्वित्झर्लंडमध्ये घोड्याला दुसरा घोडा दिसला, ऐकू आला, त्याचा वास आला पाहिजे असा नियमच आहे. आपल्याकडे दुसरं घोडं घेणं प्रत्येकाला परवडत नाही, मला कळतं. शेळी ठेवून बघा, गाढव मिळालं तर फारच छान, निदान गोठ्याकडची भिंत अर्धी काढा म्हणजे गाई तरी दिसतील. घोड्याची बरोबरी नाही होत, पण चार भिंतींपेक्षा बरंच.

जंताचं औषध दर दोन महिन्यांनी, हे मी पंधरा वर्षं केलं. आता नाही, कारण सतत तेच औषध देऊन जंत निगरगट्ट झालेत, काही औषधं तर त्यांना लागूच होत नाहीत. आधी ताज्या लिदीचा नमुना तपासायचा, एका ग्रॅममध्ये अंडी किती ते मोजतात, साधारण २०० च्या वर आली तर औषध. खाली असेल तर थांबायचं. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात विचारा, डॉक्टर सोय सांगतील. धनुर्वाताची लस मात्र चुकवू नका, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. आणि बाजारातून आणलीय तर ग्लँडर्सची रक्ततपासणी झालीय का ते कागदावर बघा, नसेल तर या आठवड्यात करून घ्या, तो रोग माणसालाही होतो.

नाल काढायचे का हे ती कशावर चालते त्यावर आहे. शेतात, मातीत असेल आणि खूर घट्ट असतील तर काढून बघायला हरकत नाही, डांबरी रस्त्यावर रोज जाणार असाल तर राहू द्या. नाल असो नसो, नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी आलाच पाहिजे. ब्लँकेट फलटणला नको, तिच्या अंगावर तिचे केस आहेत. मिशा मात्र कोणाला कापू देऊ नका, बाजारात देखणेपणासाठी कापतात, पण नाकाखाली काय आहे ते घोड्याला दिसत नाही, मिशांनीच कळतं. २०२१ च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अशा मिशा कापलेला घोडा चालतच नाही.

हवा ओढणं पूर्ण थांबेल का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. सवय तुमच्याकडे येऊन लागली असेल तर वैरण आणि मोकळीक मिळाल्यावर महिना-दोन महिन्यांत बरीच कमी होते असा माझा अनुभव आहे. विकणाऱ्याकडेच लागलेली असेल, आणि बाजारात हे लपवतात, तर ती आयुष्यभर थोडीफार राहील. तरीही पट्टा नाही, पट्ट्याने ओढणं थांबतं पण ज्यासाठी ती ओढते ते आतलं तसंच राहतं. खाणं कमी झालं, अंग उतरलं किंवा चंदी खाताना मध्येच थांबून तोंड वळवायला लागली तर घोड्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरकडून व्रणांचं बघून घ्या. दातही वर्षातून एकदा दाखवा.

आता आबा. त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी सरांनी विचारलीच नाही असं दिसतंय, ती म्हणजे खरारा, घोडीचं अंग घासून साफ करणं. तुम्ही लिहिलंय ते रोज पहाटे अर्धा तास करतात. ताई, त्या अर्ध्या तासात म्हाताऱ्या माणसाचा हात घोडीच्या प्रत्येक इंचावरून फिरतो, कुठे गरम लागतंय, कुठे गोचीड आहे, कुठे हात लावल्यावर ती कान मागे टाकते हे त्यांना कुठल्याही मशीनआधी कळेल. माझ्याकडे नवीन पोरं येतात, सगळं मोबाईलवर शिकून येतात, पण घोड्याच्या पायावरून हात फिरवून सूज ओळखता येत नाही त्यांना. खूर रोज साफ करणं, ठरलेल्या वेळा पाळणं, काम झाल्यावर फिरवून आणणं, हे सगळं आबांचं आहे तसंच ठेवा, त्याला तोड नाही.

म्हणून रात्री दहाची पेंढी आबांनी टाकावी असं म्हणालो. त्यांना चूक आहात सांगू नका. त्यांना एक रात्र बाजेवर तिच्या शेजारी झोपायला सांगा आणि पहाटे विचारा काय दिसलं. टांगेवाला माणूस आहे, एकदा ती लाकूड चावताना ऐकली की बाकीचं त्यांचं तेच करतील. आणि दोर सोडल्यापासून आठ दिवसांत तिच्या कुशीला सकाळी पेंढा चिकटलेला दिसला का, ते मला नक्की कळवा. वजनाचे आकडेही पाठवा, वैरणीचा हिशोब मी करून देतो.